मिळेल, जुळेल, टिकेल, चालेल : मावळच्या लोहमार्गावरील मदरबोर्ड-खरेदीचा इतिहास

खेळांसाठी नवा संगणक जुळवून घेताना प्रोसेसर कोणता घ्यायचा हे बहुतेकांचे आधीच ठरलेले असते आणि ग्राफिक्स कार्डावर किती खर्च करायचा हेही खिसा पाहून ठरते. खरी अडचण येते ती या दोहोंना एकत्र आणणाऱ्या मदरबोर्डापाशी, कारण एकाच प्रोसेसरसाठी बाजारात काही हजारांपासून थेट अर्ध्या लाखापर्यंतचे बोर्ड मिळतात आणि महागड्या बोर्डावर तोच खेळ लक्षात येण्याजोगा अधिक वेगाने चालतो असे मात्र नाही. तेव्हा किफायतशीर बोर्ड कशाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर पुणे-मुंबई पट्ट्यातील ग्राहकाला गेल्या चार दशकांत चार वेळा नव्याने शोधावे लागले. प्रथम बोर्ड मिळेल का याची चिंता होती, नंतर तो जुळेल का याची, पुढे टिकेल का याची आणि अलीकडे तो पुढच्या प्रोसेसरलाही चालेल का याची. प्रत्येक टप्प्यावर स्वस्त आणि किफायतशीर यांच्यातील अंतर वेगळ्या ठिकाणी पडले आणि ते ओळखण्याची एक रीत या पट्ट्यात हळूहळू घडत गेली.

मदरबोर्ड म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सी रेझिन यांच्या थरांमध्ये तांब्याच्या बारीक वाटा बसवून तयार केलेली छापील पाटी. प्रोसेसर बसवण्याची जागा म्हणजे सॉकेट, रॅमच्या पट्ट्यांच्या खाचा, ग्राफिक्स कार्डाची लांब खाच म्हणजे स्लॉट, आणि या सर्वांमधील दळणवळण सांभाळणारी एक किंवा दोन चिपांची यंत्रणा म्हणजे चिपसेट, हे सारे तिच्यावर असते. घरातील विजेचे संगणकाला लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेत रूपांतर करणारा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, तो आजच्या बोर्डाला मुख्यतः १२ व्होल्टचा पुरवठा करतो. प्रोसेसरला मात्र साधारण एक ते दीड व्होल्ट एवढाच दाब लागतो, पण प्रवाह पुष्कळ लागतो. हे शेवटचे रूपांतर सॉकेटशेजारच्या मॉस्फेट, कॉइल आणि कपॅसिटर यांच्या रांगा करतात आणि त्या रांगांना मिळून व्हीआरएम असे म्हणतात. बोर्डाच्या किमतीतील खरा फरक पुष्कळदा येथेच असतो, परंतु खोक्यावरील मोठ्या अक्षरांत तो क्वचितच दिसतो.

ज्या ठिकाणाहून हा इतिहास पाहायचा ते बेगडेवाडी हे पुणे-लोणावळा मार्गावरील देहूरोड आणि घोरावाडी यांच्यामधले, घोरावडेश्वराच्या डोंगराजवळचे लहानसे स्थानक आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा खंडाळा ते पुणे हा टप्पा १४ जून १८५८ रोजी सुरू झाला, भोर घाटाचे काम १८६३ मध्ये पूर्ण होऊन मुंबई आणि पुणे लोहमार्गाने सलग जोडली गेली, आणि १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल धावू लागल्यावर मावळातील लहान वस्त्यांना रोज शहरात जाऊन परत येणे सोयीचे झाले. या लोकलच्या एका टोकाला पुण्याची बुधवार पेठ आहे, जिथे तपकीर गल्लीत विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने दाटीने उभी आहेत. दुसऱ्या टोकाला लोणावळ्याहून घाट उतरून दादरमार्गे ग्रँट रोड गाठले की मुंबईचा लॅमिंग्टन रोड येतो, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे आणि जो रेडिओच्या सुट्या भागांपासून संगणकाच्या सुट्या भागांपर्यंतचा पश्चिम भारतातील सर्वांत नावाजलेला बाजार आहे. बेगडेवाडी, तळेगाव, कामशेत किंवा मळवली येथील ग्राहकाला हे दोन्ही बाजार आवाक्यात होते, पण दाराशी नव्हते, आणि ही स्थिती त्याच्या खरेदीवर परिणाम करणारी होती. पेठेत राहणारा ग्राहक बोर्ड जुळला नाही तर संध्याकाळी बदलून आणू शकत असे. मावळातल्या ग्राहकाला त्यासाठी आणखी एक दिवस आणि आणखी एक फेरी मोडावी लागे, म्हणून चुकीच्या निवडीची किंमत त्याच्या हिशेबात नेहमीच अधिक धरावी लागली.

पहिला टप्पा टंचाईचा होता. आयबीएम कंपनीने १९७८ मध्ये भारतातील कारभार आवरला होता आणि त्यानंतर तीन वर्षांनी, ऑगस्ट १९८१ मध्ये, तिने अमेरिकेत जो पीसी बाजारात आणला त्याच्याच रचनेवर पुढचा सारा व्यवसाय उभा राहिला. त्या यंत्राच्या मुख्य बोर्डावर ४.७७ मेगाहर्ट्झचा इंटेल ८०८८ प्रोसेसर आणि विस्तारकार्डांसाठी पाच स्लॉट होते, आणि त्याची रचना बहुतांशी उघड असल्याने इतरांना तशीच यंत्रे बनवता आली. अडसर होता तो बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू होताच प्रथम चालणाऱ्या आणि बोर्डावरील चिपमध्ये साठवलेल्या मूळ प्रणालीचा. कॉम्पॅक आणि नंतर फिनिक्स या कंपन्यांनी मूळ मजकुराची नक्कल न करता तसेच काम करणारा बायोस लिहिला आणि तो अडसर दूर झाला. तैवानमधील कारखान्यांतून सुसंगत बोर्ड मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले आणि संगणक ही एका कंपनीची वस्तू न राहता सुट्या भागांतून जुळवता येणारी वस्तू बनली.

भारतात हे सुटे भाग येण्याची वाट नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने थोडी रुंद झाली. आयातीचे नियम सैल झाले आणि मुंबईच्या झेनिथसारख्या देशी कंपन्यांनी बाहेरून आलेल्या भागांवर आपली यंत्रे बेतली. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला, ज्यात अनेक ट्रान्सप्युटर प्रोसेसर एकमेकांना जोडून एकाच गणिताचे वाटे करून सोडवले जात. पुण्यात या दर्जाचे काम होत असताना सामान्य घरात मात्र संगणक ही दुर्मीळ वस्तू होती. परवाना, आयातशुल्क आणि व्यापाऱ्याची ओळख या तीन गोष्टींवर बोर्ड मिळणे अवलंबून होते, त्यामुळे या काळात किफायत म्हणजे हाती आलेला बोर्ड होता त्या भावात घेणे आणि तो जितकी वर्षे चालेल तितकी चालवणे, एवढाच अर्थ उरत होता.

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनी आयातीची बंधने उठू लागली, १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि त्या करारानुसार संगणकाच्या भागांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत शून्यावर आले. माल मिळू लागल्यावर दुसरा प्रश्न पुढे आला, तो जुळण्याचा. ‘असेंबल्ड’ यंत्राचा सुवर्णकाळ हाच. दुकानदार कागदावर कोटेशन लिहून देई, म्हणजे कॅबिनेट, बोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क आणि मॉनिटर यांची किंमत ओळीने मांडून खाली बेरीज करी, आणि ग्राहक असे चार दुकानांतले चार कागद शेजारी ठेवून ताडून पाही. या कागदावर प्रोसेसरचे नाव ठळक असे. बोर्डासमोर मात्र पुष्कळदा ‘इंटेल चिपसेट’ एवढेच लिहिलेले असे आणि बोर्ड कोणाचा हे त्यावरून कळत नसे. इंटेलने स्वतः बनवलेला, बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून ओळखला जाणारा बोर्ड आणि इंटेलची चिप बसवून दुसऱ्या कोणी केलेला बोर्ड यांच्या किमतीत आणि दर्जात अंतर असे, आणि जाणत्या ग्राहकाची पहिली खूण हीच, की तो बोर्डाचा पूर्ण मॉडेल क्रमांक कागदावर लिहून मागत असे.

त्या काळी जुळणी चुकली तर माल परत करण्यावर भागत नसे, तो जळून जात असे. एटी पद्धतीच्या एसएमपीएसमधून बोर्डाकडे जाणाऱ्या दोन पिना-पट्ट्या पी-८ आणि पी-९ या नावांच्या होत्या आणि त्या दिसायला इतक्या सारख्या होत्या की उलट्या जागी बसू शकत. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत हा नियम प्रत्येक जुळणी करणाऱ्या कारागिराला तोंडपाठ असे, कारण तो चुकल्यास कळ दाबताच बोर्ड निकामी होण्याचा धोका होता. प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज जंपरने, म्हणजे दोन उघड्या पिनांना जोडणाऱ्या बोटाच्या पेरापेक्षाही लहान टोपीने, ठरवावे लागे. बोर्डावरच पांढऱ्या शाईत बारीक अक्षरांचा तक्ता छापलेला असे आणि तो वाचून टोप्या जागच्या जागी लावणे हे कौशल्याचे काम मानले जाई. १९९७ मध्ये पेंटियम एमएमएक्स आला तेव्हा त्याला आतील भागासाठी २.८ व्होल्ट आणि बाहेरील संपर्कासाठी ३.३ व्होल्ट असे दोन वेगळे दाब लागत. सॉकेट तेच असूनही एकच दाब देणारे जुने बोर्ड त्याला चालत नसत. सॉकेटात बसणे आणि बोर्डाशी जुळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा खरेदीदाराने येथे प्रथम घेतला आणि तो आजही तितकाच खरा आहे.

तरीही सॉकेट ७ नावाच्या त्या खोबणीने काटकसरी ग्राहकाचे मोठे भले केले, कारण इंटेल, एएमडी आणि सायरिक्स या तिन्ही कंपन्यांचे प्रोसेसर तिच्यात बसत. इंटेलने पेंटियम टू साठी स्वतःचा वेगळा स्लॉट १ काढल्यावर एएमडीने व्हीआयए आणि अली या चिपसेट-उत्पादकांच्या साह्याने जुनीच खोबण १०० मेगाहर्ट्झच्या बसपर्यंत नेली. बस म्हणजे प्रोसेसर आणि बाकीचे भाग यांच्यातील सामाईक वाट. खेळांची आवड असणाऱ्यांत मात्र या काळाचे खरे नाव झाले ते ऑगस्ट १९९८ मध्ये आलेल्या सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरचे. तो ६६ मेगाहर्ट्झच्या बसला साडेचारने गुणून ३०० मेगाहर्ट्झवर चाले. इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड घेऊन बस १०० वर नेली की तोच प्रोसेसर पुष्कळदा ४५० मेगाहर्ट्झवर स्थिर चाले आणि कितीतरी महाग असलेल्या पेंटियम टू च्या बरोबरीला येई. अबिट कंपनीच्या बीएच६ सारख्या बोर्डांवर ही मांडणी जंपर न हलवता बायोसच्या पडद्यावरून करता येत होती. प्रोसेसरवर वाचवलेले पैसे थोड्या चांगल्या बोर्डावर घालून अधिक काम मिळवायचे, हे गणित येथून रूढ झाले आणि २००३ मध्ये एन्फोर्स२ चिपसेटचे बोर्ड आणि अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+ ही जोडी आली तेव्हा ते पुन्हा एकदा खरे ठरले.

याच काळात उलट दिशेचा धडाही मिळाला. १९९९ च्या इंटेल ८१० पासून ग्राफिक्सची सोय चिपसेटमध्येच देणारे बोर्ड आले आणि घरगुती संगणकाची किंमत लक्षणीय उतरली. परंतु ८१० वर, तसेच पुढे ८४५जीव्ही वर, एजीपी स्लॉट नव्हता, म्हणजे त्या काळी ग्राफिक्स कार्ड बसवण्याची जी योग्य खाच तीच नव्हती. ८१५ किंवा ८४५जी या थोड्या महाग चिपसेटच्या बोर्डांवर अंगभूत ग्राफिक्सबरोबर ती खाचही असे. कोटेशनच्या कागदावर हा फरक एका अक्षराचा आणि थोड्याशा रकमेचा दिसे. प्रोजेक्ट आयजीआय किंवा व्हाइस सिटीसारखे खेळ घरोघरी पोचले आणि ग्राफिक्स कार्ड घालावेसे वाटू लागले, तेव्हा ज्या घरात ८४५जीव्ही आला होता तिथे साध्या पीसीआय खाचेत बसणारे मंद कार्ड घेणे किंवा बोर्डच बदलणे एवढेच मार्ग उरत. कमी किमतीचा बोर्ड पुढचे दार बंद करतो की उघडे ठेवतो, हे पाहिल्याशिवाय त्याला किफायतशीर म्हणता येत नाही, असा या अनुभवाचा अर्थ आहे.

तिसरा प्रश्न टिकाऊपणाचा होता आणि तो एका जागतिक दोषातून उभा राहिला. साधारण १९९९ ते २००७ या वर्षांत बनलेल्या असंख्य बोर्डांवर सदोष द्राव भरलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बसवले गेले. कपॅसिटर म्हणजे वीज क्षणभर साठवून तिचा प्रवाह सम राखणारा लहान डबा. अशा कपॅसिटरचा सपाट माथा, ज्यावर फुटीसाठी मुद्दाम फुलीच्या आकाराची खाच दिलेली असते, तो आधी फुगत असे, मग त्या खाचेतून तपकिरी थर बाहेर येई आणि यंत्र कारण न देता बंद पडू लागे किंवा सुरूच होईनासे होई. ‘बोर्डाचे कपॅसिटर फुगलेत’ हे वाक्य दुरुस्तीच्या टेबलावर रोजचे झाले. कारागीर ६.३ व्होल्टचे, १०५ अंश सेल्सिअस तापमानाला टिकणारे नवे कपॅसिटर घेऊन, जुने तापवून काढून, ध्रुव न चुकवता नवे डकवत आणि थोडक्या मजुरीत बोर्ड पुन्हा चालता होई. बोर्ड फेकून न देता चिपपातळीवर दुरुस्त करण्याची जी परंपरा पुण्या-मुंबईत रुजली, तिने कित्येक घरांतील संगणकांचे आयुष्य वाढवले आणि तिचा मान या इतिहासात दुकानदारांपेक्षा कमी नाही.

मावळात या दोषाला स्थानिक कारणांचीही जोड होती. लोणावळ्यास वर्षाकाठी ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पुण्याकडे येताना तो झपाट्याने उतरत जात असला तरी पावसाळ्याचे महिने पट्टाभर दमटच असतात. संपर्कबिंदूंवर गंज चढणे आणि रॅम काढून खोडरबराने पुसून पुन्हा बसवणे हा इथला परिचित उपचार होता. दुसरे कारण भारनियमनाचे. २००५ नंतरच्या वर्षांत महाराष्ट्रात विजेची तूट तीव्र होती. पुणे शहराने उद्योगांच्या स्वतःच्या वीजनिर्मितीच्या आधारे २००६ मध्ये भारनियमनातून सुटका करून घेतली, ग्रामीण भागाला मात्र ते दीर्घकाळ सोसावे लागले. वीज अचानक जाणे आणि परत येताना दाब चढणे हे दोन्ही एसएमपीएस आणि व्हीआरएम यांच्या मुळावर येणारे, म्हणून यूपीएस आणि नीट केलेले अर्थिंग हा येथे चैनीचा भाग नव्हता. या परिस्थितीत ओरिजिनल इंटेल बोर्डाची प्रतिष्ठा वाढली. त्यावर वेग वाढवण्याच्या सोयी जवळजवळ नसत, पण बांधणी विश्वासार्ह आणि वॉरंटीत बदलून मिळण्याची व्यवस्था चोख होती. कोबियनचे मर्क्युरी बोर्ड त्याहून स्वस्त म्हणून खपत, तर एसूस, गिगाबाइट आणि एमएसआय हे मधल्या आणि वरच्या पायरीवर होते. इंटेलने जानेवारी २०१३ मध्ये डेस्कटॉप बोर्डांचा व्यवसाय आवरण्याचे जाहीर केले, तोवर इतर उत्पादकांनी द्रवाऐवजी घन पॉलिमरचे कपॅसिटर सर्रास वापरायला सुरुवात केली होती आणि टिकाऊपणाची किमान पातळी एकंदरीने वर आली होती.

बिलाचा प्रश्नही टिकाऊपणाशीच बांधलेला होता. पक्के बिल घेतले तर कर भरावा लागे आणि मुंबईहून पुण्यात येणाऱ्या मालावर जकातही लागे, म्हणून कच्च्या चिठ्ठीवर थोडे स्वस्त घेण्याचा मोह मोठा होता. पण अधिकृत वितरकाकडून न आलेला, बाजारात ‘ग्रे’ म्हटला जाणारा माल बिघडला की सेवा केंद्र हात वर करी. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची जकात एप्रिल २०१३ मध्ये गेली, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, आणि सुट्या भागांवर देशभर १८ टक्के हा एकच दर झाल्याने शहराशहरांतील भावाचे अंतर घटले. ऑनलाइन विक्री वाढली, लॅमिंग्टन रोडवरील काही दुकानांनीही आपापली संकेतस्थळे उघडली आणि मावळातल्या ग्राहकाला तोच बोर्ड त्याच भावात घरपोच मिळू लागला. आता दूर राहिले ते फक्त सेवा केंद्र.

चौथा प्रश्न, पुढे चालेल का, हा आजच्या खरेदीच्या केंद्रस्थानी आहे. इंटेलने २००४ मध्ये एलजीए ७७५ आणून पिना प्रोसेसरवरून काढून सॉकेटात घातल्या, त्यामुळे नाजूक भाग बोर्डाकडे आला आणि वाकलेली पिन म्हणजे वॉरंटीबाहेर गेलेला बोर्ड, असे समीकरण झाले. त्या सॉकेटचे आयुष्य पुष्कळ लांब ठरले. नंतर मात्र २००९ मध्ये ११५६, २०११ मध्ये ११५५, २०१३ मध्ये ११५०, २०१५ मध्ये ११५१, २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७०० आणि २०२४ मध्ये १८५१ अशी सॉकेटे बदलत गेली, आणि २०१७ मध्ये तर ११५१ हाच आकडा राहूनही नव्या प्रोसेसरला नवा चिपसेट लागू लागला. प्रोसेसर बदलायचा म्हणजे बोर्डही बदलायचा, हा खर्च गृहीत धरला की सुरुवातीचा स्वस्त व्यवहार अनेकदा महाग पडे.

याच्या उलट एएमडीच्या एएम४ सॉकेटने किफायतीची व्याख्याच रुंद केली. मार्च २०१७ मध्ये पहिल्या रायझेनबरोबर घेतलेल्या बी३५० बोर्डावर, बायोस अद्ययावत करून, एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझेन ७ ५८००एक्स३डी बसवता येऊ लागला. हा प्रोसेसर ९६ मेगाबाइटच्या तिसऱ्या पातळीच्या कॅशमुळे, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेल्या अतिवेगवान स्मृतीमुळे, खेळांत त्या पिढीच्या अग्रभागी होता. हे आपोआप झाले नाही. मे २०२० मध्ये एएमडीने पुढची पिढी केवळ ५०० मालिकेच्या चिपसेटवर चालेल असे सुचवले होते आणि बायोस साठवणाऱ्या १६ मेगाबाइटच्या चिपमध्ये साऱ्या पिढ्यांची माहिती मावत नाही हे एक कारण दिले होते. ग्राहकांनी जगभरातून आक्षेप घेतल्यावर काही आठवड्यांतच कंपनीने बी४५० आणि एक्स४७० यांना वाट मोकळी केली. जुना बोर्ड नवा प्रोसेसर पेलू शकतो हे ग्राहकांनी आग्रहाने मान्य करून घेतले, ही या व्यवसायाच्या इतिहासातील मोलाची नोंद आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटने एएमडीच्याही पिना बोर्डाकडे नेल्या आणि केवळ डीडीआर५ रॅम स्वीकारली, त्यामुळे पहिल्या वर्षी हा मार्ग खर्चिक होता. इंटेलच्या १७०० सॉकेटवर डीडीआर४ चे बोर्डही मिळत असल्याने कोअर आय५-१२४००एफ आणि बी६६० अशी जुळणी तेव्हा मध्यम अंदाजपत्रकाला अधिक परवडे. पुढे बी६५०, मग २०२३ मध्ये ए६२० आले आणि एएम५ ची पायरी खाली उतरली. आता चारही प्रश्न एकदम विचारले तर निवड बरीच सोपी होते. रायझेन ५ ७६०० हा ६५ वॅट वर्गातला प्रोसेसर कोणताही नीट बांधलेला साधा बोर्ड पेलतो. रायझेन ७ ७८००एक्स३डी साठी वीजमर्यादा १६२ वॅट असली तरी खेळताना तो तिच्या बराच खाली राहतो, म्हणून त्याच्यासाठी मधल्या किमतीचा बी६५० किंवा बी८५० पुरेसा होतो. मॉस्फेटवर उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळा असणे, रॅमच्या चार खाचा असणे, एसएसडीसाठी किमान दोन एम.२ खाचा असणे, आणि प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस अद्ययावत करण्याची कळ असणे, या बाबींना पैसे मोजणे योग्य ठरते. शेवटची कळ विशेषतः तेव्हा उपयोगी पडते जेव्हा दुकानातला बोर्ड प्रोसेसरच्या आधी कारखान्यातून निघालेला असतो. पीसीआय एक्स्प्रेसच्या पाचव्या पिढीचा ग्राफिक्स स्लॉट, यूएसबी ४ आणि रंगीत दिवे यांच्यासाठी मोजलेले पैसे खेळाच्या वेगात परत येत नाहीत. तीच रक्कम ग्राफिक्स कार्डाकडे वळवली तर येतात.

बायोसची काळजी उत्पादक किती वर्षे घेतो, हा निकष अलीकडच्या दोन घटनांनी अधोरेखित केला. २०२३ च्या वसंतात काही एएम५ बोर्ड रॅमचा वेग वाढवताना प्रोसेसरच्या एका भागाला गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज देत असल्याचे आणि त्यातून प्रोसेसर जळत असल्याचे उघड झाले, तेव्हा नव्या बायोसने ती मर्यादा १.३ व्होल्टवर आणली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे मान्य झाले आणि उपाय पुन्हा बायोसमधूनच द्यावा लागला. बोर्ड घेणारा ग्राहक अशा दुरुस्त्या वेळेवर मिळण्याचा हक्कही विकत घेत असतो आणि त्या न देणारा उत्पादक कितीही स्वस्त असला तरी महागच पडतो.

ही सारी खरेदी परदेशी बनावटीची राहिली, हे मात्र खेदाने नोंदवावे लागते. गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीत स्मार्टलिंक कंपनीने डिजिलाइट या नावाने मदरबोर्ड बनवून देशी उत्पादन शक्य असल्याचे दाखवले होते, पण त्या प्रयत्नामागे मोठी साखळी उभी राहिली नाही. बेगडेवाडीहून घोरावाडी सोडले की पुढचे स्थानक तळेगाव. तिथे वेदान्त आणि फॉक्सकॉन यांचा अर्धवाहक प्रकल्प येणार अशी अपेक्षा होती, परंतु सप्टेंबर २०२२ मध्ये त्याचा करार गुजरातशी झाला आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनही बाहेर पडली. प्रोसेसर बसवताना सॉकेटची धातूची चौकट उचलली की तिच्यावर अनेकदा फॉक्सकॉन किंवा लोटेस हे नाव कोरलेले दिसते, कारण सॉकेट बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांत या दोघींची गणना होते. तो भाग मावळात बनण्याइतकी कुशल माणसे या पट्ट्यात आहेत, आणि चिपपातळीवर बोर्ड दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी ते दोन दशकांपूर्वीच सिद्ध केले आहे.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष व्यवहाराचा आहे. मिळणे, जुळणे, टिकणे आणि पुढे चालणे हे चार प्रश्न एकामागून एक आले, पण नव्याने जुन्याला बाद केले नाही. ते एकावर एक साचत गेले, आणि आजच्या बोर्डाला चारही कसोट्या द्याव्या लागतात. बाजारातील सर्वांत कमी किमतीचा बोर्ड यांपैकी एखाद्या कसोटीवर हमखास अडतो आणि सर्वांत महाग बोर्ड चारही ओलांडून ग्राहकाला नको असलेल्या गोष्टींचे पैसे घेतो. म्हणून ज्या बोर्डांना चारही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी देता येते, त्यांतला कमीत कमी किमतीचा बोर्ड पक्क्या बिलावर घ्यावा आणि उरलेली रक्कम ग्राफिक्स कार्डाला द्यावी, हा नियम आठशे दहापासून बी६५०पर्यंत टिकून राहिला आहे. तो कोणत्याही कंपनीने शिकवलेला नाही. दुकानातून परत यायला लोकल गाठावी लागणाऱ्या आणि दुसरी फेरी न परवडणाऱ्या ग्राहकांनी तो स्वतःच्या पैशाने सिद्ध केला आहे, आणि म्हणूनच नव्या ग्राहकाने जाहिरातीआधी त्याच्यावर भरवसा ठेवावा.